सेवाव्रती भाऊसाहेब

भाऊसाहेब गुल्हान्यांनी माझं आयुष्यात कधी काही वाईट केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की आमचं काही जुनं भांडण असावं. भांडण नव्हतं. उलट माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा सव्वा महिना त्यांनी रोज दुपारी आपल्या घरून डबा पाठवला. वडील गेले तेव्हा पहिला खांदा देणाऱ्या चौघांत ते होते. त्या दिवशी ते रडलेही, आणि खरं रडले. आता त्यांना जाऊनही काही वर्षं झाली. तरी कुठे त्यांचं नाव निघालं की मला उठून चूळ भरावीशी वाटते.

चूळ हा शब्द उगीच आलेला नाही. आमची ओळखच तशी झाली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी वर्ध्याला कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि गावातल्या एका सेवा क्लबानं मला सभासद करून घेतलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये मीटिंग असायची. डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी, दोन इंजिनीअर, एक बँकेचे मॅनेजर अशी मंडळी. आधी घंटा, मग प्रार्थना, मग मागच्या आठवड्यातल्या सेवेचा अहवाल, आणि मग जेवण. जेवणाला तिथे जेवण म्हणत नसत, फेलोशिप म्हणत. ‘या गुरुवारची फेलोशिप कोनाकडे?’ म्हणजे या गुरुवारी जेवण कोण देणार.

पहिल्याच गुरुवारी मी ताट घेऊन कोपऱ्यात उभा होतो. पांढऱ्या सफारीतले एक जाडजूड गृहस्थ गुलाबजामांचं भांडं घेऊन थेट माझ्यासमोर आले. पन्नाशीचं वय, मेंदीनं तांबूस झालेले केस, चार बोटांत चार अंगठ्या, आणि खिशातल्या रुमालाला इतकं अत्तर की ते यायच्या आधी तो वास यायचा. त्यांनी पाकातला एक गुलाबजाम बोटांनीच उचलला आणि माझ्या ओठांशी आणला.

“तोंड उघडा, सर.”

“मी घेतो ना वाटीत...”

“अजी, वाटीत तं कोनीबी देते. उघडा तोंड. आपल्या क्लबात परकं कोनी नाई.”

सगळे बघत होते, हसत होते. मी तोंड उघडलं. गुलाबजामाबरोबर बोटंही आत आली. अंगठीचा धातू दाताला लागला, पाक हनुवटीवरून शर्टावर ओघळला. मग ती बोटं त्यांनी स्वतः चाटली आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्याच बोटांनी दुसरा गुलाबजाम उचलला. “तोंड उघडा, वकीलसायेब.” हॉलमधल्या झाडून सगळ्यांनी एकामागून एक तोंडं उघडली. ऑपरेशनच्या आधी कोपरापर्यंत हात घासून धुणारे आमचे सर्जनसुद्धा पुढे झुकले. नंतर हात धुताना मी त्यांना हळूच विचारलं, तर ते म्हणाले, “भाऊसाहेबांचं प्रेम आहे हो. नाही म्हणता येत नाही.”

नाही म्हणता येत नाही. भाऊसाहेबांचं सगळं सेवाकार्य याच एका वाक्यावर उभं होतं, हे मला हळूहळू कळत गेलं.

मेन रोडवर त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. मोठं, दुमजली. गादीवर मुलगा बसायचा; भाऊसाहेब बसायचे मागच्या खोलीत, नाव टाकायच्या मशीनपाशी. गिऱ्हाइकानं घेतलेल्या भांड्यावर नाव टाकून द्यायला दुकानात माणूस होता, पण क्लबाची भांडी ते स्वतः करायचे. चष्मा नाकावर ओढून, जीभ दातांत धरून. क्लबानं शाळेला ग्लास दिले, ग्लासावर नाव. दवाखान्याला बादल्या दिल्या, बादल्यांवर नाव. उन्हाळ्यात बसस्टँडजवळ पाणपोई लावली, तर रांजणातून पाणी काढायच्या ओगराळ्यावर आत, तळाशी, नाव. पाणी संपत आलं की ते वाचता यायचं. आमच्याकडे यायचा त्या डब्यावरही झाकणावर कोरलेलं होतं, ‘रुग्णसेवार्थ सप्रेम’. माझे वडील ते झाकण रोज उलटं ठेवायला सांगायचे.

“देल्लं ते दिसलं पायजे, सर,” भाऊसाहेब म्हणायचे. “नाईतं घेणाऱ्याले याद तरी राह्यते का?”

मला क्लबात घेतलं होतं ते याच कामासाठी. रविवारी सकाळी दुकानातून निरोप यायचा, सर, चार ओळी द्या. मी जाऊन लिहून द्यायचो. चहा यायचा, बालुशाही यायची, आणि मी लिहिलेली वाक्यं घर्रर्र करत स्टीलमध्ये उतरायची. अहवाल, मानपत्रं, आभाराची भाषणं, सगळं मीच लिहायचो. ‘सेवाव्रती’ ही पदवीसुद्धा त्यांना मीच एका अहवालात चिकटवली. गंमत म्हणून लिहिलं होतं. कुणालाच गंमत वाटली नाही. पुढच्या महिन्यात ती त्यांच्या लेटरहेडवर होती.

अशाच एका रविवारी त्यांनी मला त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. ते मूळचे हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचे. घरी थोडकी शेती, भावंडं पुष्कळ. सातवीनंतर ते हिंगणघाटला एका शेटजींच्या घरी राहून शिकले. दर दिवाळीला शेटजी त्यांना नवे कपडे द्यायचे.

“अन् पावणे आले का मले बैठकीत उभं करे,” भाऊसाहेब सांगत होते. मशीन बंद होतं, हातात एक अर्धवट नाव टाकलेला तांब्या होता. “मी हात जोडून म्हणे, हे कपडे शेटजीनं देल्ले. समदे पाहे. सुरुवातीले लाज वाटे, सर. एकडाव तं रडलो. मंग लाज गेली. लाज गेली म्हणून तं मी मोठा झालो. गरिबाची पयली दुश्मन कोन? त्याची लाज.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते शेटजींबद्दलच्या प्रेमाचं होतं. मला क्षणभर त्या बैठकीत उभ्या केलेल्या पोराची फार दया आली. पण समोर बसलेला ते पोर नव्हे, शेटजी होता.

वडनेर भाऊसाहेबांचं गाव, म्हणून क्लबानं ते दत्तक घेतलं. पहिलं मोठं काम डोळ्यांच्या शिबिराचं. गावच्या शाळेत तपासणी झाली आणि मोतीबिंदू निघालेल्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या रविवारी बसनं दवाखान्यात न्यायचं ठरलं. कोणता डोळा ते चुकू नये म्हणून ज्याच्या त्याच्या भुवईवर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला होता. सकाळी आठलाच सगळ्यांना बसमध्ये बसवलं. बसला हिरवी झेंडी दाखवायला नागपूरहून क्लबाचे कोणी वरिष्ठ येणार होते. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन चढत होतं. मी बसच्या दाराशी यादी घेऊन उभा होतो.

तिसऱ्या सीटवरची एक म्हातारी खिडकीतून म्हणाली, “बाप्पा, मले उतरू दे. बाहेर जाऊन येतो.”

भाऊसाहेब पुढे झाले. आवाज अगदी मऊ. “दोनच मिनटं, आजी. सायेब आलेच. गाडी भरलेली दिसली पायजे.”

साडेदहाला तिनं पुन्हा विचारलं. अकराला पुन्हा. प्रत्येक वेळी भाऊसाहेबांनी तितक्याच मऊपणे दोन मिनिटं मागितली. मग तिनं विचारणं सोडलं. थोड्या वेळानं सीटखालून पाण्याची एक बारीक धार निघाली आणि बसच्या उतारानं दाराकडे, माझ्या पायांकडे आली. आजूबाजूच्या म्हाताऱ्या पदराखाली तोंड झाकून बसल्या. त्या आजी मात्र समोर बघत होत्या. दिसत काही नव्हतंच.

भाऊसाहेबांनी तो अत्तराचा रुमाल नाकाला लावला. ड्रायव्हरला म्हणाले, “धुऊन घे लवकर. अन् आजीले मांगच्या सीटवर बसव. सायेब पुढच्या दारानं चढतीन.”

बसची मधली वाट धुतली. आजींना मागे नेलं. साडेबाराला साहेब आले, झेंडी हलली, टाळ्या झाल्या, आणि त्या आजी ओल्या लुगड्यानिशी दवाखान्यात गेल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण दार माझ्या हाताशी होतं. ते उघडायला मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, आणि मी ते उघडलं नाही.

पंधरवड्यानं वडनेरला आभाराचा कार्यक्रम झाला. ऑपरेशन झालेले सगळे काळे चष्मे लावून ओळीनं बसले होते. भाऊसाहेबांनी नेमकं त्याच आजींना माइकपाशी आणलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “सांगा आजी, आता काय दिसते?”

आजींनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तू दिसतं, बाप्पा,” त्या म्हणाल्या. “आंधी नुसता आवाज ये.”

सगळं गाव हसलं. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक भाषणात ते ही गोष्ट सांगत, आणि ‘तू दिसतं, बाप्पा’ म्हणताना खिशातला रुमाल काढत. देवासारखा दिसतोस, असा तिचा अर्थ आहे अशी त्यांची पक्की समजूत होती.

आजींना दिसायला लागलं होतं, हेही खरंच. त्या शिबिरानं पुष्कळांना दिसायला लागलं. हे खरं नसतं तर त्यांची किळस करणं मला फार सोपं गेलं असतं.

सायकलींचं प्रकरण त्यानंतर चार-पाच वर्षांनी झालं. वडनेरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून हायस्कुलात येणाऱ्या मुली पायी येत, आणि आठवी-नववीत घरी बसत. क्लबानं त्यांना सायकली द्यायचं ठरवलं. कल्पना भाऊसाहेबांची. चांगली कल्पना होती. सायकलीच्या हँडलवर पुढे लावायला स्टीलची पट्टी हवी होती. रविवारी निरोप आला. मी लिहून दिलं, ‘गरीब होतकरू विद्यार्थिनीस सप्रेम भेट’, खाली क्लबाचं नाव, त्याखाली ‘हस्ते सेवाव्रती भाऊसाहेब गुल्हाने’. लिहायला मला एक मिनिटही लागलं नसेल. अशा मजकुरात ‘गरीब होतकरू’ आपोआपच येतं. बालुशाही खाऊन मी घरी गेलो.

वाटपाचा कार्यक्रम नेहमीसारखाच झाला. मुली सायकली धरून दोन तास उन्हात उभ्या राहिल्या. मग चार महिन्यांनी भाऊसाहेबांनी तपासणी ठेवली. “देऊन इसरून जाणं ही सेवा नाई,” ते म्हणाले. आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून गेलो. मागून दुकानाचा टेम्पो, कुणाची सायकल नादुरुस्त असली तर आणायला. शाळेच्या मैदानात मुली सायकली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मी रजिस्टरमधून नाव वाचायचो, भाऊसाहेब घंटी वाजवून बघायचे, पट्टीवरून रुमाल फिरवायचे, मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचे.

वनिता उमाटे नाव वाचलं तेव्हा ते एका सायकलीपाशी थांबले. सायकल स्वच्छ होती, चाकांत हवा होती, चेनला तेल होतं. पण पट्टीवरचा एकच शब्द कशानंतरी घासून घासून पार पुसून टाकला होता. ‘गरीब’. बाकी सगळी अक्षरं शाबूत होती.

“हे कोनं खोडलं?”

“मी,” ती म्हणाली. नववीतली मुलगी. दोन वेण्या, निळा स्कर्ट, उंचीनं माझ्या खांद्याएवढी.

“काऊन?”

“रस्त्यानं पोट्टे चिडवते जी. ‘गरीब आली, गरीब चालली’ म्हणते.”

“मंग? गरीब हायेस, तं गरीब लिवलं. त्यात काय लाज?”

तिनं जरा विचार केला. “तुमचं नाव नाई खोडलं जी,” ती म्हणाली. “क्लबाचंबी नाई खोडलं. तेवढंच खोडलं.”

मी ती पट्टी पाहत होतो. तिनं वाक्यातलं नको असलेलं एक विशेषण काढलं होतं, आणि वाक्य सुधारलं होतं. वर्गात एखाद्या मुलानं असं केलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती.

भाऊसाहेब चिडले नाहीत. चिडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हातारीकडे दोन मिनिटं मागितली होती त्याच मऊ आवाजात म्हणाले, “ठीक हाये, बेटा. तुले लाज वाटते नं सायकलीची? मंग जिले लाज नाई वाटत, तिले देऊ. असा नियम हाये क्लबाचा.” मग माझ्याकडे वळून, “बराबर नं, सर?”

असा काही नियम नव्हता. क्लबाचे सगळे नियम मीच लिहिले होते, त्यामुळे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. हेडमास्तर बघत होते. ती मुलगी बघत होती.

“नियम आहे खरा,” मी म्हणालो.

सायकल टेम्पोत चढवली. तिनं मागच्या कॅरियरला लावलेलं दप्तर तेवढं काढून घेतलं. रडली नाही.

परतताना गावाबाहेरच्या रस्त्यावर ती पुढे चालताना दिसली. शाळा सुटली होती, तिची वस्ती चार किलोमीटरवर. भाऊसाहेबांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं, काच खाली केली. “ये बेटा, बस. सोडून देतो घरापर्यंत.” मनापासून बोलत होते. तिचे पाय दुखतील याची त्यांना खरंच काळजी होती. “ये नं. लाजू नको.”

ती रस्ता सोडून शेताच्या बांधावर चढली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. गाडी निघेपर्यंत तशीच उभी होती.

“पोरगी मानी हाये,” भाऊसाहेब काच वर करत म्हणाले, आणि वर्ध्यापर्यंत झोपले.

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला, कुंदाला सांगितलं. भाऊसाहेबांबद्दल जे जे तोंडात आलं ते बोललो. ती गहू निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “हे तुम्ही दर वेळी येऊन मला सांगता. त्यांना काऊन नाही सांगत?”

“सांगून उपयोग नाही.”

“मग जाता कशाला तिथे?”

आठवड्यातून एकदा सर्जन मला नावानं हाक मारत होते, वकील खांद्यावर हात ठेवत होते. कॉलेजात मी चारचौघांसारखा एक मास्तर. क्लबात मानपत्र वाचायला उभा राहिलो की सगळा हॉल गप्प व्हायचा. ते मला आवडत होतं. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेलो, आणि त्यानंतरही सात-आठ वर्षं जात राहिलो. गुलाबजाम आला की तोंड उघडत राहिलो.

नवं शतक लागलं. भाऊसाहेबांनी गावाला लागूनच पिपरी मेघेला बंगला बांधला, दुकान पुरतं मुलावर सोपवलं. केसांना मेंदी लावणं थांबवलं, चालताना काठी आली. क्लबाच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली, आणि एक दिवस त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. फार आनंदात होते.

“सर, आपली एक सायकलवाली पोरगी नर्स झाली! सरकारी उपकेंद्रात हाये. वडनेरहून सांगत आले लोकं. वनिता उमाटे. तिचा सत्कार ठेवू. अन् तुमी असं लिवा, सायकल नसती तं ही पोरगी आज शेतात निंदून राह्यली असती.”

मी म्हणालो, “भाऊसाहेब, तिची सायकल आपण परत आणली होती.”

“कोनाची?”

“हिचीच. तिनं पट्टीवरचा शब्द खोडला होता. तुम्ही टेम्पोत घालून आणली. मी होतो बरोबर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. लपवाछपवी करणाऱ्या माणसाचे डोळे जरा तरी हलतात. यांचे हलले नाहीत. “छे, छे,” ते प्रेमानं म्हणाले. “तुमची काईतरी गफलत होऊन राह्यली, सर. देल्लेलं आपण कधी वापस घेत असतो का?” आणि त्यांनी आतून बालुशाही मागवली.

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. हा माणूस खोटं बोलत असता तर त्याला कधीतरी पकडता आलं असतं.

सत्कार क्लबाच्या स्वतःच्या नव्या हॉलमध्ये होता. वनिता आली ती तिच्या डॉक्टरांबरोबर. त्यांनीच तिला भरीस घातलं असावं. आता ती बावीस-तेवीसची बाई होती. साधी सुती साडी, मनगटावर मोठं घड्याळ, खांद्याला पिशवी. भाऊसाहेबांनी तिला शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि तिचा हात धरून सभेला सांगितलं की एका सायकलीनं काय होऊ शकतं ते पाहा. मग माइक तिच्यापुढे केला.

ती माइकपासून थोडी लांबच उभी राहिली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आला.

“मले सायकल भेटली होती, हे खरं हाये. चार महिन्यांनी वापस नेली. त्यावरचा गरीब शब्द मी खोडला होता म्हणून. मंग मी दहावीपर्यंत पायी गेली. जाऊन-येऊन आठ किलोमीटर. माह्या बापानं घरी नाई बसवलं, म्हणून शिकली. बस, एवढंच.”

एका बाईच्या हातातली बांगडी वाजली ती ऐकू आली. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही ते ही बोलली. आता तरी या माणसाचा चेहरा उतरेल.

भाऊसाहेबांनी टाळी वाजवली. काठी बगलेत धरून, दोन्ही हातांनी, जोरजोरात. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “पाहा!” ते माइक ओढून म्हणाले. “पाहा, काय स्वाभिमान हाये पोरीत! मी म्हणत होतो नं? नुसती वस्तू देणं ही सेवा नाई. आपल्या क्लबानं तिले स्वाभिमान देल्ला!”

आधी पुढची रांग उठली, मग सगळा हॉल. टाळ्या थांबेनात. ती मधोमध उभी होती आणि इकडून तिकडे बघत होती, भोवतीच्या माणसांना आपली भाषाच कळत नसावी तशी. मग तिनं शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला, आणि बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरली.

मी तिला जिन्याखालच्या दाराशी गाठलं. काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. तिनं थांबून माझ्याकडे पाहिलं.

“तुमी रजिस्टरवाले सर नं?”

“हो.”

“‘नियम हाये’ म्हणलं होतं तुमी,” ती म्हणाली. रागानं नव्हे. पेशंटचा जुना कागद पाहून विचारावं तसं. “होता का खरंच नियम?”

“नव्हता.”

तिनं मान हलवली. “मले वाटलंच होतं,” म्हणाली, आणि ऑटो बघायला रस्त्यावर गेली.

मी वर आलो तेव्हा हॉल रिकामा झाला होता. मंडळी मागच्या गच्चीवर फेलोशिपला गेली होती. तिकडून ताटांचे आणि हसण्याचे आवाज येत होते. स्टेजवरच्या टेबलाशी भाऊसाहेब एकटेच बसले होते. समोर कागद. संध्याकाळीच वर्तमानपत्राला बातमी पाठवायची होती.

“या, सर. चार ओळी द्या लवकर. माणूस थांबला हाये.”

“मी नाही लिहिणार, भाऊसाहेब.”

हे वाक्य म्हणायला मला चौदा वर्षं लागली होती. त्यांनी वर पाहिलं. दुखावले नाहीत, रागावले नाहीत, काऊन म्हणूनही विचारलं नाही.

“थकले तुमी,” ते म्हणाले. “दिवसभर धावून राह्यले. बसा तुमी. मी लिवतो.”

त्यांनी पेन उघडलं, चष्मा नाकावर ओढला आणि लिहायला लागले. मी जिन्याकडे वळलो. राजीनामा दुसऱ्या दिवशी टपालानं पाठवायचा आणि या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, हे माझं ठरलं होतं, आणि तसं मी केलंही. पण मी दारापर्यंत पोचायच्या आत मागून हाक आली.

“सर, थांबा नं जी. ‘कृतज्ञता’ कशी काढायची? त आधी का ज्ञ आधी?”

मी वळून पाहिलं. पेन कागदावर टेकवून, मान वाकडी करून, ते माझ्याकडे बघत वाट पाहत होते. मी सांगेनच याबद्दल त्यांना जराही शंका नव्हती.

“त आधी,” मी म्हणालो. “मग ज्ञ.”

“हां,” ते समाधानानं म्हणाले, आणि खाली वाकून एकेक अक्षर दाबून लिहू लागले.